परदेशी ‘अक्का’चे पहिले दिवस

बंगळूरचे कोरमंगला ही नव्या पैशाची वस्ती. २००७ साली ‘फ्लिपकार्ट’ची सुरुवात इथल्याच एका फ्लॅटमधून झाली. कॉफीची दुकाने, जिम, झगमगत्या पाट्या; इंग्रजी बोलणाऱ्याचे इथे कुठेच अडत नाही. चर्चच्या एखाद्या सेवायोजनेतून वर्षभरासाठी आलेली जर्मन मुलगी पहिल्या दिवशी इथे फेरफटका मारते, तेव्हा तिला हायसे वाटते. भाषेची उगाच काळजी केली, असे ती आईला कळवूनही टाकते.

मग शेजारच्या एजीपुऱ्याकडे कामासाठी जाणे होते आणि तिथल्या गल्ल्यांत इंग्रजी संपते. कानावर कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी उर्दू सगळे एकदम येते. मुले भोवती जमतात, हात धरून ओढतात, काहीतरी विचारतात. उत्तरादाखल हसण्यापलीकडे तिच्यापाशी काही नसते. याच एजीपुऱ्यात जानेवारी २०१३ मध्ये गरिबांच्या वसाहतीवर बुलडोझर फिरले आणि हजाराहून अधिक कुटुंबे उघड्यावर आली. कॉफीच्या दुकानांपासून इतक्या जवळ हे घडले, हेही तिला कुणीतरी सांगावे लागते.

असे तरुण येतात कसे? जर्मन सरकारने २००८ साली ‘वेल्टवेर्ट्स’ नावाची योजना सुरू केली. १८ ते २८ वर्षांच्या तरुणांना तिच्यातून विकसनशील देशांत सेवेसाठी पाठवले जाते. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा, पाठवणी मात्र संस्थांकडून होते आणि त्यांत चर्चच्या संस्था बऱ्याच आहेत. डॉन बॉस्को परिवार त्यांपैकीच एक. बंगळूरमध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी या परिवाराचे ‘बॉस्को’ हे काम १९८० पासून चालू आहे. नाव संताचे वाटते, पण ती ‘बॅंगलोर ओणियवर सेवा कूट’ या शब्दांची आद्याक्षरेही आहेत. कन्नडमध्ये ‘ओणी’ म्हणजे गल्ली. गल्लीतल्यांच्या सेवेसाठी जमलेली मंडळी, असा साधा अर्थ.

घरून निघताना या तरुणांच्या डोक्यात एक चित्र असते. आपण शिकवू, आजाऱ्यांची शुश्रूषा करू, कुणाच्या तरी उपयोगी पडू. पहिल्या महिन्यात वाट्याला येते ते भाजी निवडणे, ताटे मांडणे आणि मुलांशी कॅरम खेळणे. कॅरममध्येही हार ठरलेली! बादलीतल्या पाण्याने आंघोळ, उजव्या हातानेच जेवणे, दारात चपला काढणे हे आठवड्याभरात अंगवळणी पडते. आपण निरुपयोगी आहोत, ही जाणीव मात्र लवकर पचत नाही. त्यात चर्चतर्फे आलेल्या परक्या माणसाकडे शेजारीपाजारी जरा संशयानेच बघतात. हिला धर्मांतर करायला तर पाठवले नाही ना, हा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, पण नजरेत असतो.

सकाळ-संध्याकाळ भेटेल तो विचारतो, ‘ऊट आय्ता?’ म्हणजे, जेवण झाले का? आपल्याकडेही बायका एकमेकींना हेच विचारतात, आणि त्यात जेवणाची चौकशी थोडी व आपुलकी जास्त असते. नवखी मुलगी मात्र सुरुवातीला काय काय खाल्ले ते सविस्तर सांगत बसते. एक दिवस ती नुसते ‘आय्तु’ म्हणून उलट तोच प्रश्न विचारते. स्वयंपाकघरातल्या बायका खळखळून हसतात, आणि त्या दिवसापासून ती सगळ्यांची ‘अक्का’ होते.

परदेशी माणसाचेच असे होते असे नाही. कोरमंगलातच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी १९६३ साली ही संस्था सुरू केली. देशभरातून इथे विद्यार्थी येतात. दुसऱ्या राज्यातून आलेल्याला कन्नड शिकल्यावाचून गत्यंतर नसते, कारण पोटात कुठे आणि कसे दुखते हे खेड्यातली म्हातारी इंग्रजीत सांगत नाही.

मराठी वाचकाला याचे एक जुने उदाहरण ठाऊक आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरला. १० नोव्हेंबरला त्याने वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. त्यात बहुतेक प्रवासाचेच वर्णन आहे. द्राक्षवेल सोडली तर युरोपातले एकही झाड इथे दिसत नाही, असे मात्र तो नवलाने सांगतो. १५८३ साली भावाला लिहिताना त्याचे लक्ष झाडांवरून भाषांकडे गेलेले दिसते. इथल्या भाषांचे ग्रीक आणि लॅटिनशी साम्य आहे, असे तो कळवतो. पुढे १६१६ साली त्याचे सुमारे ११ हजार ओव्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. धर्मप्रचार हाच त्याचा हेतू होता आणि त्या काळच्या गोव्यात जबरदस्तीही पुष्कळ झाली, हे विसरून चालणार नाही. पण भाषा शिकायला त्याने सदतीस वर्षे दिली होती.

आजच्या पाहुणीजवळ जेमतेम एक वर्ष असते. तिच्या विमानभाड्यात एखाद्या स्थानिक शिक्षिकेचा काही महिन्यांचा पगार भागेल, हा आक्षेप खोटा नाही. दोन आठवड्यांसाठी येऊन मुलांसोबत फोटो काढून जाणाऱ्यांचे समर्थन तर करताच येत नाही. आईबापांपासून तुटलेल्या मुलाला लळा लागायला चार दिवस पुरतात, आणि तो तोडून जाणाऱ्यांची त्याच्या आयुष्यात कमतरता नसते. वर्षभर राहून भाषा शिकणारीची गोष्ट थोडी वेगळी. आठव्या-नवव्या महिन्यात ती खरोखरच कामाची होते. कुणाचा ताप लपवलेला आहे, कोण घरच्या आठवणीने जेवत नाही, हे तिला न सांगता कळू लागते.

नेमकी तेव्हा परतीची तारीख जवळ येते. मुलांना ते तिच्याआधी समजलेले असते. नवी अक्का कधी येणार आणि तिला कन्नड येते का, एवढेच ती विचारतात.