अंगात येतं तेव्हा मेंदूत नेमकं काय होतं? कानबाईच्या जागरणापासून अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरापर्यंत

श्रावण महिना. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. जळगाव-धुळ्याकडच्या घराघरात कानबाई बसलेली असते. नारळाला नथ-डोळे लावून सजवलेली देवी, रोटांचा वास, पुण्या-सुरतेहून आलेले भाऊबंद आणि रात्रभर अहिराणी गाणी. सोमवारी विसर्जनाची मिरवणूक निघते, वाजंत्री जोरात सुरू होते आणि गर्दीतली एखादी काकू अचानक घुमायला लागते. केस मोकळे, नजर वर, आवाज बदललेला. कुणीतरी म्हणतं, "आंगमा वारं उनं." बायका पुढे होतात, हळद-कुंकू लावतात, पाया पडतात. थोड्या वेळाने काकू शांत होते आणि पाणी मागते. काय झालं ते तिला नीट आठवतही नाही.

खानदेशात वाढलेल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. त्यावर घरात दोन पार्ट्या पडतात, हेही ठरलेलं. मोठ्यांची पार्टी म्हणते, "देवी आली." कॉलेजला जाणारी पार्टी म्हणते, "नाटक आहे सगळं."

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना विचारलं, तर ते दोन्ही पार्ट्यांना थोडं थांबायला सांगतात.

नाटक नाही, मग काय आहे?

आधी एक साधी गोष्ट बघू. तुम्ही आत्ता मोबाईलवर अंगठा सरकवताय. तो अंगठा "मी हलवला" असं तुम्हाला वाटतं. हे वाटणं मेंदू तयार करतो. हालचालीचा हुकूम देताना तो आधीच अंदाज बांधतो, की आता अंगठा असा हलेल. अंदाज आणि घडलेली हालचाल जुळली की "हे मी केलं" ही भावना तयार होते.

हे जुळणं बिघडलं तर? हात हलतो, तोंडातून शब्द येतात, पण "हे मी करतोय" असं वाटत नाही. करणारा दुसराच कुणी आहे असं वाटतं. तो दुसरा कोण, हे आपण ज्या घरात वाढलो त्यावर ठरतं. खानदेशात ती कानबाई किंवा सप्तशृंगी असते, दुसऱ्या देशात दुसरं कुणी.

"मी माझ्या शरीराच्या आत आहे" ही भावनासुद्धा मेंदूच बनवतो. 2002 मध्ये ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी स्वित्झर्लंडमध्ये फिटचा आजार असलेल्या एका बाईची तपासणी करत होते. मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका विशिष्ट जागी हलका विद्युतप्रवाह दिला की ती सांगायची, "मी वरून स्वतःला पलंगावर पडलेली बघतेय." प्रवाह थांबला की अनुभवही थांबायचा.

ती बाई खोटं बोलत नव्हती. अनुभव खरा होता. तो कसा तयार झाला, एवढंच डॉक्टरांना दिसलं होतं.

ढोल, जागरण आणि उपवास

आता कानबाईच्या रात्रीकडे परत येऊ. रात्रभर जागरण. पोटात फारसं काही नाही. एकाच ठेक्यावर तासन् तास गाणी आणि नाच. आजूबाजूला आपली माणसं. आणि सगळ्यांनाच माहीत आहे, की अशा वेळी देवी येते.

यातली प्रत्येक गोष्ट मेंदूवर परिणाम करते. झोप कमी झाली की स्वतःवर लक्ष ठेवणारा कपाळामागचा भाग सैल पडतो. एका तालात सगळ्यांनी मिळून हालचाल केली की वेदना कमी जाणवतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या 12 नावाड्यांवर असा प्रयोग झाला होता. तेवढीच मेहनत एकट्याने केल्यावर आणि गटाने केल्यावर त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता मोजली. गटात ती जास्त निघाली. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन नावाची रसायनं हे त्याचं कारण असावं, असं संशोधकांचं म्हणणं होतं. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांना विचारा. पायाला फोड आलेले असतात, पण सोबत चालायला लागलं की ते विसरायला होतं.

अंगात आलेल्या माणसाच्या मेंदूची मोजणीसुद्धा झाली आहे. जपानी संशोधकांनी इंडोनेशियातल्या बालीमध्ये, विधी चालू असतानाच सहभागी लोकांच्या डोक्याला यंत्र लावून मेंदूच्या लहरी टिपल्या. 2002 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्याच्या अंगात आलं, त्याच्या मेंदूत थीटा आणि अल्फा या संथ लहरींचा जोर वाढला होता. फिट येताना दिसतात तशा खुणा मात्र तिथे नव्हत्या.

म्हणजे ती वेड नाही, फिट नाही आणि नाटकही नाही. ती मेंदूची एक वेगळी अवस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही हा फरक केलेला आहे. धार्मिक किंवा सामाजिक प्रथेचा भाग म्हणून अंगात येत असेल, तर त्याला आजार म्हणत नाहीत. ते नको असताना, पुन्हा पुन्हा येत असेल आणि त्याचा त्रास होत असेल, तरच आजार म्हणतात.

मग मेंदूत देवाचं बटण सापडलं का?

"शास्त्रज्ञांना मेंदूत देवाची जागा सापडली" असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. त्यामागे बहुतेक वेळा कॅनडाचे मायकल पर्सिंगर असतात. त्यांनी एक हेल्मेट बनवलं होतं. त्यातून डोक्याला मंद चुंबकीय क्षेत्र दिलं की लोकांना जवळ कुणीतरी असल्याचा भास होतो, असा त्यांचा दावा होता.

2005 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी हा प्रयोग नीट तपासून पाहिला. हेल्मेट चालू आहे की बंद, हे ना बसणाऱ्याला माहीत होतं, ना प्रयोग घेणाऱ्याला. निकाल काय लागला? चुंबकाने काहीच फरक पडला नाही. जी माणसं मुळात सूचनेला पटकन बळी पडणारी होती, त्यांनाच भास झाले.

पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलमध्ये 15 ख्रिस्ती जोगिणींना स्कॅनरमध्ये झोपवून त्यांच्या आयुष्यातला देवाचा सगळ्यात उत्कट अनुभव आठवायला सांगितलं. मेंदूचा एक कोपरा नाही, तर अनेक भाग एकत्र कामाला लागलेले दिसले. भावना, आठवण, शरीराची जाणीव, सगळे.

थोडक्यात, देवाचं बटण काही सापडलेलं नाही.

इथे चूक झाली तर महागात पडते

आतापर्यंतचं सगळं चर्चेपुरतं ठीक. पण एका ठिकाणी हा प्रश्न जिवावर येऊ शकतो. ते म्हणजे मिरगी, म्हणजेच फिट.

मेंदूच्या कानाजवळच्या भागातून फिट सुरू झाली, तर माणूस लगेच खाली पडून झटके देतोच असं नाही. आधी विचित्र वास येतो, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, भीती वाटते, हे सगळं पूर्वी घडून गेलंय असं वाटतं. क्वचित प्रचंड आनंदही होतो. रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीला हा आजार होता आणि फिटच्या आधीचा असा आनंद त्याने आपल्या कादंबरीतल्या पात्रालाही दिला. ग्रीकांकडे तर या आजाराला 'पवित्र रोग' म्हणत. सुमारे 2400 वर्षांपूर्वी, हिप्पोक्रेटसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात लिहिलं गेलं, की यात पवित्र वगैरे काही नाही, हा मेंदूचा आजार आहे.

फरक ओळखायचा कसा? अंगात येणं बहुतेक वेळा उत्सवात, वाजंत्रीवर, चार माणसांत होतं आणि आरती झाली की थांबतं. फिट वेळ-काळ बघत नाही. भाकरी थापताना येते, झोपेत येते, शेतात एकटं असताना येते. ती बहुधा एक-दोन मिनिटंच टिकते. जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होते, नंतर माणूस गोंधळलेला असतो. पक्कं निदान डॉक्टरच करू शकतात.

फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा घालू नका. दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर 108 ला फोन करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्णांची फिट पूर्ण थांबू शकते. जे पोर गोळीने बरं होऊ शकतं, त्याला वर्षानुवर्षं अंगारे-धुपारे करत फिरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तिसरी शक्यताही लक्षात ठेवा. घरात कुणी ऐकत नाही, बोलायची सोय नाही, अशा ताणातूनही बाईच्या अंगात येऊ शकतं. सुनेचं कुणी ऐकत नसतं, देवीचं मात्र सगळे ऐकतात. हेही नाटक नसतं, ते आपोआप घडतं. तिथे गरज असते विचारपूस करण्याची आणि मानसोपचाराची. सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाईनचा नंबर 14416 आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि भूत उतरवतो म्हणून कुणाला मारहाण करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

अमळनेरमध्ये शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालेली चर्चा

एवढं सगळं कळलं तरी एक प्रश्न उरतोच. मेंदूत लहरी उठतात, रसायनं सुटतात, मान्य. पण त्यातून "मला वाटतंय" हे कुठून आलं?

या प्रश्नावर काम करणारी एक संस्था आपल्या जळगाव जिल्ह्यातच उभी राहिली. अमळनेरचे गिरणीमालक प्रताप शेठ यांच्या आश्रयाने 1916 मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. साने गुरुजी ज्या गावात शाळेत शिकवायचे, तेच हे अमळनेर. जी. आर. मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती असे मोठे तत्त्वज्ञ इथे राहून अभ्यास करत होते. 1933 मध्ये या तिघांनी मिळून 'अज्ञान' या एकाच विषयावर एक पुस्तक काढलं आणि त्यात प्रत्येकाने आपापली बाजू वेगळी मांडली.

कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ या संस्थेचे संचालक होते. त्यांचं 'द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम' हे पुस्तक 1930 मध्ये अमळनेरच्या याच संस्थेने प्रसिद्ध केलं. त्यातला मुद्दा सोप्या भाषेत सांगायचा तर असा: आपण जगातली कुठलीही वस्तू समोर ठेवून बघू शकतो, पण जो बघतोय त्या 'मी'ला वस्तूसारखं समोर ठेवता येत नाही.

पुढे 1990 च्या दशकात डेव्हिड चाल्मर्स यांनी जवळपास याच जागेवर बोट ठेवलं आणि त्याला 'अवघड प्रश्न' असं नाव पडलं. 1998 मध्ये त्यांची मेंदूतज्ज्ञ क्रिस्टॉफ कोख यांच्याशी पैज लागली. 25 वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्टपणे सापडेल, असं कोख म्हणाले. 2023 मध्ये त्यांनी हार मानली आणि चाल्मर्स यांना वाईनच्या बाटल्या दिल्या.

मग देवी येते की नाही?

मेंदूविज्ञान याचं उत्तर देत नाही आणि ते त्याचं कामही नाही. आंबा खाताना जिभेवर आणि मेंदूत काय होतं हे सांगितलं, म्हणून आंबा खोटा ठरत नाही. तसंच, मेंदूत लहरी दिसल्या म्हणून देव सिद्धही होत नाही. विज्ञान एवढंच सांगतं, की अनुभव खरा आहे आणि तो मेंदूतूनच जातो.

आणि मेंदू हा शरीराचाच अवयव आहे. तो थकतो, आजारी पडतो आणि उपचाराने बराही होतो.

त्यामुळे पुढच्या श्रावणात कानबाई बसेल तेव्हा रोट पोटभर खा, गाणी म्हणा. काकू घुमायला लागली तर हसू नका आणि व्हिडिओ काढून रील टाकू नका. पण तीच काकू सण नसताना चुलीपाशी कोसळली, तर अंगारा शोधत बसू नका. सरळ गाडी काढा आणि दवाखाना गाठा.