मेणबत्तीतला मळ मेणबत्तीचाच

“पण मळ आम्ही डोळ्यांनी पाहिला ना!” इअर कँडलिंगबद्दल शंका काढली की हे उत्तर हमखास येतं. मेणात बुडवलेल्या कापडाची पोकळ नळी, तिचं एक टोक कानात, दुसरं पेटवलेलं. दहा-पंधरा मिनिटांनी थेरपिस्ट उरलेलं थोटूक उलगडून दाखवते. आत पिवळट-तपकिरी चिकट गोळा आणि थोडी भुकटी. एवढी घाण आपल्या कानात होती!

नव्हती. तीच नळी रिकाम्या बाटलीच्या तोंडात उभी करून पेटवली, तरी आत तसाच गोळा सापडतो. तो असतो अर्धवट जळलेलं मेण, काजळी आणि कापडाची राख. आता बाटलीच्या कानात मळ कुठून आला, हे कुणीतरी सांगावं.

ज्योतीमुळे नळीत ओढ निर्माण होते आणि मळ वर खेचला जातो, असा दावा असतो. ‘द लॅरिंगोस्कोप’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९६ साली सीली, क्विग्ली आणि लँगमन यांनी तो तपासला. कानाच्या प्रतिकृतीत दाब मोजला, तर ओढ निर्माणच होत नव्हती. मग आठ कानांवर प्रयोग केला. मळ निघाला नाही. उलट काही कानांत मेणबत्तीचंच मेण जाऊन बसलं. कान-नाक-घशाच्या १२२ डॉक्टरांना विचारलं, तेव्हा या उपचाराने झालेल्या २१ इजा समोर आल्या, त्यात भाजण्याच्या जास्त. आणि समजा, चिकट मळ उपटून काढण्याइतकी ओढ खरंच निर्माण झाली असती, तर आधी कानाचा पडदा फाटला असता.

“याने सायनस मोकळा होतो, डोक्यातले टॉक्सिन्स निघतात.” मध्ये धडधाकट पडदा असताना कशातून निघतात?

“अमेरिकेतल्या होपी आदिवासींची प्राचीन विद्या आहे.” होपींनी स्वतःच हे नाकारलंय.

“मधमाश्यांचं शुद्ध मेण आहे, अपाय कसला?” वितळलेलं शुद्ध मेणही भाजतंच. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्येच या मेणबत्त्या वापरू नका, असा इशारा दिला.

मुळात कानातला मळ म्हणजे घाण नव्हे. तो कानाच्या नळीतली त्वचा राखतो, धूळ अडवतो आणि बहुतेकांच्या कानातून आपोआप बाहेर सरकत येतो. बड्सने आपण त्याला परत आत ढकलतो, हे वेगळंच दुखणं.

कान खरोखरच बंद झाला असेल, ऐकू कमी येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ते आधी थेंबांनी मळ मऊ करतील, मग पाण्याने किंवा सक्शनने काढतील. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर घरचं कोमट तेलही घालू नका.