पोर्तुगालचा ‘हिरवा’ द्राक्षारस

गोव्याहून कोणी गोड, तांबड्या ‘पोर्ट’ची बाटली आणली की भालकी-आळंदकडील आपल्या कित्येक बांधवांस वाटते, पोर्तुगीजांचा द्राक्षारस म्हणजे हाच. हा समज खरा नाही. पोर्तुगालचा शेतकरी आपल्या घरी जेवताना जो द्राक्षारस पितो, तो याहून अगदी निराळा असतो. त्याची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

कडक द्राक्षारस परदेशी पोहोचला आणि हलका घरीच राहिला, याचे कारण समुद्रप्रवासात आहे. जुन्या काळी लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून गोव्यास येण्यास सुमारे सहा महिने लागत. जहाजाच्या तळघरातील उष्म्यात हलका द्राक्षारस आंबून त्याची शिर्का व्हावयाची. म्हणून दूरदेशी पाठवावयाच्या द्राक्षारसात द्राक्षांपासूनच गाळलेला कडक अर्क मिसळण्याची चाल पडली. पोर्ट तसाच बनतो. रस आंबत असतानाच हा अर्क घातला म्हणजे आंबणे थांबते, साखर शिल्लक राहते आणि मद्यार्काचे प्रमाण शेकडा 20 च्या आसपास जाते. खरा पोर्ट 1756 साली सीमा आखून दिलेल्या दोरो नदीच्या खोऱ्यातच होतो. इतरत्र बनलेल्या बाटलीवर ते नाव असले तरी ती नक्कलच होय.

आता घरच्या द्राक्षारसाकडे वळू. पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात मिन्यो नावाचा प्रांत आहे. तेथील द्राक्षारसास ‘विन्यो वेर्दे’, म्हणजे ‘हिरवा द्राक्षारस’ म्हणतात. 1908 साली त्याच्या प्रदेशाची हद्द कायद्याने ठरली. रंगाने तो हिरवा नसतो. तो पांढरा, गुलाबी किंवा तांबडा असतो. हिरवा म्हणजे कोवळा, ताजा. तेथील शेते लहान. मधली जमीन मक्यास लागते, म्हणून शेतकरी पूर्वापार बांधावरील झाडांवर आणि उंच मांडवांवर वेल चढवीत आला आहे.

अटलांटिक महासागराच्या पावसाने व गारव्याने तेथील द्राक्षांत साखर कमी भरते आणि आंबटपणा टिकून राहतो. साखरेचाच मद्यार्क होत असल्यामुळे साखर बेताची असली की मद्यार्कही बेताचाच, बहुधा शेकडा 9 ते 11, राहतो. आपल्याकडे याच्या उलट घडते. सोलापूर-विजापूरकडील मांडवांवर ऑक्टोबरात छाटलेली वेल फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पिकते. फळात साखर भरते व आंबटपणा उतरतो. खाण्यास असे फळ उत्तम; पण मिन्योसारखा हलका रस त्यातून सहज मिळत नाही.

या द्राक्षारसाची गोडी त्याच्या साधेपणात आहे. तो वर्षा-दोन वर्षांच्या आत गार करून पितात. जिभेवर किंचित चुरचुरतो, आणि जेवणात ताकाने तोंडास जशी चव येते, तशी तेलकट मासळीबरोबर त्याने येते. तांबडा प्रकार खेड्यांत चिनी मातीच्या पांढऱ्या वाडग्यातून पिण्याची रीत आहे. त्याची जागा जेवणाच्या पंगतीत असते. मुलाबाळांदेखत, घासाबरोबर, घोट-दोन घोट.

हीच गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. आपल्या सीमाभागात दारू म्हटली की घासाची आठवण होत नाही. पगाराच्या दिवशी रिकामा झालेला खिसा आणि मार खाल्लेली माउली आठवते. कर्नाटकात 1 जुलै 2007 पासून सारायी बंद झाली, तरी घराघरांतील दुःख बंद झाले नाही. बाटली तेवढी बदलली. ‘आम्ही वाईन पितो, दारू नव्हे’ असे म्हणणारेही आता भेटतात. त्यांस आमचे सांगणे इतकेच की व्हिस्कीत मद्यार्क शेकडा सुमारे 43 असतो, हलक्या द्राक्षारसात 10. पण चार पेले हलके प्याले, तर एक पेला कडक प्याल्यासारखेच होते. हलकेपण बाटलीत असते तसे ते हातातही असावे लागते.

काना गावच्या लग्नात प्रभूने द्राक्षारस दिला तो सर्वांच्या आनंदासाठी. मिस्साबलिदानासाठीही द्राक्षारस शुद्ध द्राक्षांचाच आणि न नासलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. वस्तू वाईट नाही. तिला मर्यादा हवी. ज्यास व्यसनाची खोड जडली आहे त्याने मात्र एक थेंबही घेऊ नये. त्याच्या पंगतीत ताकाचा पेलाच शोभतो, आणि इतरांनीही त्या दिवशी त्याच्यासाठी ताकच प्यावे.