पाठांतर म्हणजे वाचन नव्हे!

मागच्या रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात वंदना झाल्यावर चौथीतल्या एका मुलीला इंग्रजीचे पुस्तक वाचायला सांगितले. तिने धडा घडाघडा म्हटला. धुणीभांडी करणाऱ्या तिच्या आईचा चेहरा फुलला. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून म्हटले, "हा कोणता?" मुलगी गप्प. मग ओठातल्या ओठात पहिल्या ओळीपासून सुरू करून ती त्या शब्दापर्यंत पोहोचली आणि उत्तर दिले. म्हणजे तिला धडा पाठ होता, वाचता येत नव्हते. मराठीचे पुस्तक दिले तर तिथे जोडाक्षर आले की गाडी अडली.

मुलगी हुशार आहे. चार वर्षे तिला कोणी वाचायला शिकवलेच नाही, हा खरा गुन्हा आहे.

महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. निर्णय योग्यच होता. पण शिकवायचे कसे? मराठीत 'क'चे नाव आणि आवाज एकच. इंग्रजीत तसे नाही. सी, ए, टी ही नावे जोडली तर 'सीएटी' होते, 'कॅट' होत नाही. अक्षरे २६, आवाज सुमारे ४४. सहा वर्षांच्या पोराला हे आवाज एकेक करून ऐकवावे लागतात, जोडून दाखवावे लागतात. त्याऐवजी वर्गात 'ए फॉर ॲपल'चा घोष चालतो आणि फळ्यावरचे वहीत उतरते. पोर चित्र पाहून बोलते, अक्षर पाहून नव्हे.

प्रस्थापितांच्या घरात ही कसर रात्री आई-वडील गोष्टीचे पुस्तक घेऊन भरून काढतात. आमच्या घरात शाळा सोडून दुसरे कोण आहे? म्हणून वाचन शिकवण्याची पद्धत हा आमच्यासाठी जातीचाच प्रश्न आहे.

सावित्रीमाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले आणि पुढे जगाशी इंग्रजीतून बोलले. तेव्हा आम्हाला मातृभाषेचे प्रवचन देऊन स्वतःची पोरे कॉन्व्हेंटला धाडणाऱ्यांनी गप्प बसावे. मात्र दोन खोल्यांत 'इंग्लिश मीडियम'ची पाटी लावून फी उकळणाऱ्यांनाही आपण ओळखले पाहिजे. तिथल्या बाईंनाच इंग्रजी येत नसेल तर मूल ना मराठीचे राहते ना इंग्रजीचे. एका लिपीत वाचायला पक्के शिकलेले मूल दुसरी लिपी लवकर पकडते, हे ध्यानात घ्या.

पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे 'असर'च्या पाहण्या २००५ पासून सांगत आहेत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ८ दर्जेदार शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर कामांना जुंपू नये, असे कलम २७ सांगते. कागदावर सारे आहे. पण कलम २१ आपल्या हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, निम्म्या महिला असतात, वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असते. आपल्या किती आयाबाया त्या बैठकीला जातात? बहुतेकींच्या सह्या घरी येऊन नेल्या जातात!

त्या मुलीच्या आईचे नाव अशाच एका समितीच्या यादीत निघाले. तिलाच ठाऊक नव्हते. पुढच्या बैठकीला ती मजुरी बुडवून जाणार आहे. बरोबर पुस्तक नेणार, मधलेच पान उघडणार आणि गुरुजींसमोर कोणत्याही मुलाला एका शब्दावर बोट ठेवून विचारणार, "हा कोणता?"