कांदळवन तुटले, की दुखणे घरात येते

आरोग्याच्या सदरात झाडांचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण खाडीकाठच्या गावांतल्या नेहमीच्या तक्रारी पाहा. बायकांचा पंडुरोग, चाळिशीच्या आतच वाढलेला रक्तदाब, पावसाळ्यातली हगवण, पायाच्या चिघळणाऱ्या जखमा. या दुखण्यांचा माग काढत गेले तर तो औषधाच्या पाकिटापाशी थांबत नाही. तो विहिरीपर्यंत जातो, तिथून खारबंदिस्तीच्या बांधापर्यंत आणि शेवटी बांधापुढच्या कांदळवनापर्यंत. हे वन जिथे तुटले, बुजले किंवा पाण्यावाचून वाळले, तिथे त्याची किंमत सर्वांत आधी कोळी, गाबीत आणि भोई यांच्या चुलीला मोजावी लागते.

कांदळवन म्हणजे काय?

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खाऱ्या चिखलात वाढणारी ही झाडे. कुणी त्यांना खारफुटी म्हणतात, कुणी सरसकट तिवर. प्रत्यक्षात त्यांत अनेक जाती आहेत. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. कांदळ खोडाभोवती फुटलेल्या आधारमुळांवर उभा असतो आणि त्याचे बी झाडावर असतानाच रुजते. यांच्या जोडीला चिपी, काजळा, गेवा आणि काटेरी मारांडी. यांपैकी पांढरी चिपी हा २०२० सालापासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.

१९८७ च्या वन अहवालात राज्यात १४० चौरस किलोमीटर कांदळवन नोंदले होते. २०२३ च्या अहवालात ते सुमारे ३१५ आहे. आकडा वाढला ही चांगलीच गोष्ट. पण एका खाडीत वन वाढले म्हणून दुसऱ्या खाडीत तुटलेले भरून निघत नाही. रस्त्याचा भराव, कोळंबीची तळी, गावाचा कचरा आणि सरपणाची तोड यांनी ज्या गावचे वन गेले, त्या गावाला राज्याच्या बेरजेचा उपयोग नाही.

ताटातले पोषण

मोठी मासळी खोल समुद्रातून येते आणि बहुतेक बाजारात जाते. घरातल्या ताटात पडते ती पुष्कळदा खाडीची मासळी. ओहोटीला बायका चिखलात उतरतात आणि मुळे, तिसऱ्या, कालवे, खेकडे, निवट्या घेऊन येतात. यासाठी होडी लागत नाही, डिझेल लागत नाही. कोळंबी, बोय, जिताडा यांसारख्या मासळीची पिल्लेही कांदळाच्या मुळांच्या जाळीत आसरा घेऊन वाढतात. गळून कुजणारा पाला हे त्या साऱ्या चिखलातल्या जिवांचे खाद्य असते.

शिंपल्यांच्या मांसात उत्तम प्रथिने, लोह, जस्त आणि ब-१२ जीवनसत्त्व असते. मांस-मासळीतले लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज घेते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. अशा वेळी वाडगाभर तिसऱ्यांचे सुके म्हणजे फुकट मिळणारा लोहाचा खुराक. खाडी ओस पडली, की त्याची जागा पातळ डाळ, बिस्किटे आणि फरसाण घेते. पोट भरते, पण अंगी रक्त लागत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातली घाणही त्यांच्यात साठते. गावाचे गटार किंवा कारखान्याचे सांडपाणी जिथे मिळते, तिथले शिंपले घेऊ नयेत. अशा शिंपल्यांतून कावीळ, विषमज्वर, हगवण होऊ शकते. नीट शिजवल्याने जंतू मरतात, पण कारखान्यांच्या पाण्यातले शिसे-पारा शिजवून जात नाहीत.

विहिरीचे खारे पाणी

बांधापुढे कांदळवन असले, की लाटेचा जोर झाडांवर विरतो आणि मुळे माती धरून ठेवतात. वन गेले, की लाट थेट बांधावर आदळते. बांध फुटला, उघाडी मोडली, की उधाणाचे पाणी शेतात शिरते आणि पुढे विहिरीत उतरते. किनाऱ्याजवळ पंप लावून अति उपसा केला, तरीही विहीर मचूळ होते. तेव्हा सारा दोष झाडे तुटण्याचा नाही, पण बांध सांभाळणारा पहिला राखणदार तेच आहे.

खारे पाणी पिणे म्हणजे नकळत मीठ खाणे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा, कमी मीठ सांगते. मचूळ पाणी, खारवलेला बांगडा, लोणचे आणि पापड एकत्र आले, की ही मर्यादा कधीच ओलांडली जाते. बांगलादेशात सुंदरबनालगत खुलना जिल्ह्यातील दाकोप भागात संशोधकांनी गरोदर स्त्रियांची तपासणी केली. ज्यांच्या पिण्याच्या पाण्यात मीठ अधिक, त्यांच्यात गर्भारपणातला वाढलेला रक्तदाब आणि झटक्यांच्या आधीची धोक्याची अवस्था अधिक आढळली. आपल्या खाडीकाठच्या लेकी-सुनांसाठी हा इशाराच समजावा.

पुष्कळांचा समज असतो, की पाणी उकळले की दोष जातो. जंतू मरतात हे खरे, पण मीठ जात नाही. उलट पाणी आटल्याने ते थोडे अधिकच खारट होते. तुरटी आणि क्लोरीन यांनीही मीठ जात नाही. पिण्यासाठी गोड्या पाण्याची वेगळी सोय, पावसाचे छपरावरचे पाणी साठवणे, टँकर किंवा नळयोजना यांना दुसरा पर्याय नाही.

वादळ आणि त्यानंतरचे दिवस

अरबी समुद्र पूर्वी तुलनेने शांत मानला जाई. तो आता तापतो आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात या समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली, असे भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते आपण विसरलेलो नाही. श्रीवर्धन परिसरातल्या सुपारीच्या बागा निसर्ग वादळाने एका दिवसात आडव्या केल्या.

झाडांचा अशा वेळी काय उपयोग, याचे उत्तर ओडिशाने दिले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या ४०९ गावांचा अभ्यास झाला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा होता, तिथे मृत्यू कमी झाले होते. वेळेवर दिलेल्या इशाऱ्यानेही मोठ्या संख्येने जीव वाचवले. म्हणून वन असले तरी सूचना आल्यावर घर सोडायचेच. झाडे लाटेचा जोर कमी करतात, माणसाला सुरक्षित जागी नेत नाहीत.

वादळाचे आजारपण वारा थांबल्यावर सुरू होते. वीज नसते म्हणून नळाला पाणी नसते, विहिरीत घाण शिरलेली असते, छपरे शाकारताना माणसे पडतात. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पायाला जखम असली तर त्याचे जंतू सहज शिरतात. चिखलात काम करणाऱ्यांना ताप, पोटऱ्यांत सणक, डोळे लाल अशी लक्षणे दिसली तर अंगावर काढू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

"कांदळात डास होतात"

ही तक्रार गावोगाव ऐकू येते आणि तोडीला तेच निमित्त मिळते. जिथे रोज दोनदा भरतीचे पाणी येते-जाते, तिथे डासांच्या अळ्यांना स्थिर पाणी मिळत नाही. शिवाय छोटे मासे अळ्या खातात. भराव टाकून भरती अडवली, की आतले पाणी साचते आणि मचूळ पाण्यात वाढणाऱ्या डासांची सोय होते. म्हणजे डास आणतो तो भराव. डेंगीचा डास तर अंगणातल्या पिंपात, जुन्या टायरात आणि धक्क्यावर उपड्या न ठेवलेल्या टबात वाढतो. कांदळ तोडून तो जाणार नाही.

पुन्हा वन उभे करताना

रोपे लावली, फोटो काढले, पुढच्या वर्षी तिथे काही उरले नाही, असे पुष्कळ ठिकाणी होते. कारण बहुधा एकच: पाण्याचा विचार झालेला नसतो. तमिळनाडूत पिचावरम आणि मुथुपेट येथे पूर्वीच्या सरसकट तोडीमुळे जमीन खोलगट झाली होती. भरतीचे पाणी आत येई, साचे, आटे आणि माती इतकी खारट होई की झाड जगत नसे. १९९० च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशन, वन विभाग आणि गावकरी यांनी मिळून माशाच्या काट्याच्या आकाराचे चर खणले. भरती पुन्हा ये-जा करू लागली आणि मग लावलेली रोपे जगली. आधी पाणी, मग रोप, हा त्यातला धडा.

दुसरी गोष्ट जागेची. ज्या उघड्या चिखलात बायका मुळे आणि तिसऱ्या काढतात, तिथेच कांदळाच्या रांगा लावल्या तर एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने काढून घ्यायचे असे होईल. रोपे कुठे लावायची हे त्या बायकांना विचारूनच ठरवावे. खाडीची उंच-सखल जागा त्यांच्या पायांना ठाऊक असते.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याची. बांध फुटलेल्या खारजमिनीत कांदळ उगवते आणि शेतकरी म्हणतो, झाडांनी शेत खाल्ले. प्रत्यक्षात आधी खारे पाणी शिरले, मग झाड आले. बांध आणि उघाड्या वेळेवर दुरुस्त करणे आणि बांधाच्या बाहेर वन राखणे, यात शेतकरी आणि मच्छीमार दोघांचेही हित आहे. दुरुस्ती रखडली, की दोघांत नाहक भांडण लागते.

वन राखून पोटही चालते, हे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायकांनी दाखवले आहे. २०१७ पासून त्या पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. त्याच वर्षी सुरू झालेल्या राज्याच्या योजनेतून खेकडे, कालवे, शिंपले पालनासाठी गावांना मदत मिळते. कायदाही पाठीशी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळतोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात या वनाचा नाश म्हणजे घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला.

एवढे पाळा

• चिखलात उतरताना जुने बूट किंवा जाड चप्पल घाला. कालवाच्या कवचाने कापले तर जखम स्वच्छ गोड्या पाण्याने व साबणाने धुवा आणि धनुर्वाताची लस घेतली आहे का ते पाहा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल आणि लाली पसरू लागली, तर थांबू नका.

• गेव्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, काही काळ दिसेनासेही होते. डोळा न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

• शिंपले शिजवताना जे उघडत नाहीत ते टाकून द्या. अंगावर पित्ताच्या गांधी उठत असतील तर पुन्हा खाऊ नका.

• खारवलेली मासळी शिजवण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांत भिजवा आणि रश्शात वरून मीठ घालू नका.

• विहिरीचे पाणी मचूळ लागत असेल, तर घरातल्या मोठ्या माणसांनी सहा महिन्यांतून एकदा रक्तदाब मोजून घ्यावा. गरोदर बाईचा रक्तदाब प्रत्येक तपासणीत मोजलाच पाहिजे. तिचा चेहरा सुजला, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर तत्काळ दवाखान्यात न्या.

• खाडीत भराव किंवा तोड दिसली तर तहसीलदार, वन विभाग किंवा कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

येत्या ग्रामसभेत आणखी एक विषय मांडावा. गावातल्या किती विहिरी खाऱ्या झाल्या आणि कोणत्या वर्षापासून, याची यादी आशाताईंना व बचतगटाच्या बायकांना सोबत घेऊन करा. तीच यादी आरोग्य केंद्राला, पाणीपुरवठ्याला आणि वन विभागाला द्या. तिघांनी एकच कागद वाचला, तर उपाय सुरू व्हायला वेळ लागणार नाही.