खाल्ल्या घरचे वासे

नालासोपारा म्हटलं की हॉस्टेलमध्ये विषय निघतो तो लोकलच्या गर्दीचा, नाहीतर पावसाळ्यातल्या पाण्याचा. पण स्टेशनपासून पश्चिमेला गास, वाघोली, निर्मळच्या बाजूला गेलं की बिल्डिंगा विरळ होतात आणि केळीच्या वाड्या लागतात. तिथे अजून काही जुनी कौलारू घरं उभी आहेत. माझं आजोळ त्यातलंच. पुढच्या उन्हाळ्यात मामा ते पाडून स्लॅबचं घर बांधणार आहे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी टेप आणि वही घेऊन बसलो. "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस होय रे?" आजी म्हणाली. आता खरंच तेच करत होतो, काय सांगणार!

मित्रांनो, या घराची पहिली गंमत अशी की भिंत काढली तरी छप्पर खाली येत नाही. सगळा भार सागवानी खांबांवर. खांबांवर तुळया, वर आढं, आढ्यापासून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर मंगलोरी कौलं. म्हणजे आपण ज्याला फ्रेम स्ट्रक्चर म्हणतो ते हेच, फक्त काँक्रीटऐवजी लाकूड. भिंत नुसता आडोसा. मागच्या पडवीची भिंत तर अजून कुडाची आहे, कारवीच्या काठ्यांवर माती-शेणाचा लेप.

सांध्यात एकही खिळा नाही. खांबाच्या माथ्याला कुसू काढलेलं, ते तुळईच्या भोकात बसवलेलं आणि आरपार लाकडी खुंटी. खांब जमिनीत पुरलेला नसून दगडी उथळ्यावर उभा आहे, त्यामुळे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर जातो. जाता जाता वाशांवर काजळी धरतो आणि किडीला दूर ठेवतो.

नेमकं असंच शेतघर इंग्लंडमध्ये आहे. केंट परगण्यातलं 'बे-लीफ', पंधराव्या शतकातलं. सागाच्या जागी ओक, पण तिथेही लाकडी खुंट्या, तिथेही मातीने लिंपलेला कूड, तिथेही मधल्या दालनात उघडी चूल आणि धुराडं नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे बाउ बीच धरणाचा जलाशय होणार होता, तेव्हा लोकांनी ते घर सुटं केलं आणि ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पुन्हा उभं केलं. खुंट्या काढल्या की सांधा सुटतो, म्हणूनच हे जमलं. स्लॅबच्या घराचं असं करून दाखवा!

आमच्याकडेही जुनं घर सुटं होतं, पण त्याचं लाकूड विकलं जातं आणि कुठल्या तरी हॉटेलात खांब म्हणून शोभेला लागतं. कुठला तुकडा कुठे होता, हे कोणी लिहून ठेवत नाही.

जोत्याबद्दल सांगायलाच हवं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या. तेव्हा आजोळी पाणी ओटीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येऊन थांबलं. जोतं उंच, हे एक कारण. दुसरं कारण वाडीतलं बावखल. पावसाचं पाणी आधी या तळ्यात उतरतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि समुद्र इतका जवळ असूनही विहीर गोडी राहते. घर आणि बावखल हे एकच डिझाइन आहे असं मला वाटतं. शेजारच्या दोन वाड्यांतली बावखलं भरून टाकली आहेत.

मामाचंही चूक नाही. दर उन्हाळ्यात कौलं चाळायची, फुटकी बदलायची, वाळवीवर नजर ठेवायची. चाळणारे कारागीर आता मिळत नाहीत, आणि गेल्या पावसात माजघरात तीन ठिकाणी पातेली मांडली होती. मी फक्त एवढंच मागितलंय की पाडायच्या आधी प्रत्येक खांबावर आणि तुळईवर खडूने नंबर घालू दे, आणि निदान ओटीचे चार खांब विकू नकोस. तो "बघू" म्हणालाय.

वासे एकूण बेचाळीस भरले. आजीच्या हिशेबाने चव्वेचाळीस होते. दोन पडवी वाढवताना कापले, असं ती म्हणते.