रथ, ब्लोअर आणि कान

ऋषिपंचमीच्या दिवशी तासगावात गणपतीचा रथ निघतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या देवळासमोरचं सात मजली गोपूर मागे टाकून तो काशीविश्वेश्वराच्या देवळाकडे जातो आणि परत येतो. घोडे नाहीत, इंजिन नाही. जाडजूड दोरखंडाला हात लावून माणसंच तो ओढतात. गुलाल आणि पेढ्यांची उधळण होत असते, ढोल-झांजा वाजत असतात आणि हजारो गळ्यांतून 'मोरया' उठत असतो. या सगळ्या गदारोळात हात सुटलेलं एखादं पोर रडू लागलं, तर त्याच्या आईची मान नेमकी त्या बाजूला वळते. पोर अजून दिसलेलं नसतं, तरी ते कुठे आहे हे तिला कळलेलं असतं.

हे काम करणारं यंत्र डोक्याच्या दोन बाजूंना बसवलेलं आहे. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्या कानाला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो. मेंदू एवढासा फरक मोजतो आणि त्यावरून दिशा ठरवतो. आवाज समोरचा की पाठीमागचा, वरचा की खालचा, हे ओळखायला बाहेरच्या कानाच्या वळ्या उपयोगी पडतात. त्या वळ्यांवर आपटून आवाज थोडा बदलतो आणि प्रत्येक दिशेचा बदल वेगळा असतो. दागिना अडकवण्यापलीकडे ज्या अवयवाकडे आपण कधी पाहत नाही, त्याचं हे पहिलंच काम इतकं नाजूक आहे.

बाहेरच्या कानातून आत गेलेली वाट सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आहे. तिची लांबी आणि आकार असा, की तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज तिथेच वाढतात. बोलण्यातली व्यंजनं ऐकायला याची फार मदत होते. वाटेच्या तोंडाशी मळ तयार होतो आणि त्याला आपण शत्रू मानतो. खरं तर तो कातडीचं पाण्यापासून आणि जंतूंपासून रक्षण करतो. कानातली कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेनं हळूहळू सरकत असते आणि मळ तिच्याबरोबर आपोआप बाहेर येतो. काडी, पिन किंवा गाडीची किल्ली घालणारा माणूस हा बाहेर निघालेला मळ पुन्हा आत ढकलतो.

वाटेच्या टोकाला पडदा. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. त्याच्या पलीकडे हवेनं भरलेली एक छोटी पोकळी आणि तिच्यात शरीरातली सगळ्यात लहान तीन हाडं आहेत, हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची. ही हाडं कशासाठी, हा प्रश्न मला या यंत्रातला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो. अंतर्कर्ण द्रवानं भरलेला आहे आणि आवाज येतो हवेतून. विहिरीत बुडी मारलेल्या माणसाला काठावरचं बोलणं ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यावर आपटला की हजारातले नऊशे नव्व्याण्णव भाग परत फिरतात. कानालाही हीच अडचण होती. पडद्याचं कंप पावणारं क्षेत्र सुमारे ५५ चौरस मिलिमीटर आणि रिकिबीच्या तळव्याचं सुमारे ३.२. म्हणजे पडद्यावर पसरलेला जोर सतरा पटींनी लहान जागेवर येऊन पडतो. हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी थोडी भर पडते आणि दाब वीस-बावीस पट होतो. वाया जाणारा बहुतेक आवाज असा वाचतो.

या पोकळीतून एक नळी घशाच्या वरच्या भागात उतरते. घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते ही नळी उघडते म्हणून. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते. त्यामुळे सर्दीतले जंतू सहज कानात पोचतात, पू साठतो, पडदा फुटतो आणि कान वाहू लागतो. घरोघरी यावर 'थंडीचं आहे, आपोआप थांबेल' असं म्हणतात आणि कोमट तेल सोडतात. फाटलेल्या पडद्यातून ते तेल थेट मधल्या कानात जातं. वाहणारा कान थांबतो आणि पुन्हा वाहतो, असं वर्षानुवर्षं चालू राहिलं तर ही इवलीशी हाडंही झिजतात.

आता खरा गाभा, कर्णावर्त. डोक्याच्या कवटीतल्या सगळ्यात कठीण हाडात, अडीच वेढे घेतलेली ही नळी बसवलेली आहे. उलगडून धरली तर तिच्यातला लवचिक पट्टा ३५ मिलिमीटरचा भरेल. पट्ट्याचं तोंडाकडचं टोक अरुंद आणि ताठ, तर आतलं टोक रुंद आणि सैल. बारीक, उंच स्वर तोंडाशी कंप उठवतात आणि खर्ज थेट आतल्या टोकाला. प्रत्येक स्वराची पट्ट्यावर जागा ठरलेली आहे.

इथे सांगलीच्या एका माणसाची आठवण काढणं भाग आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. सप्तकातल्या बावीस श्रुतींची गोष्ट जुन्या ग्रंथांत आहे, पण प्रत्यक्षात गवय्याचा गळा कोणत्या श्रुती लावतो, हे मोजून पाहण्याचा ध्यास त्यांनी घेतला. गळा मिळाला तोही केवढा, तर अब्दुल करीम खाँसाहेबांचा, ज्यांनी पुढे मिरजेला घर केलं. तारेची लांबी मोजून स्वरांची गुणोत्तरं काढायची, अशी ती पद्धत होती. १९१० साली देवलांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक इंग्रजीत निघालं. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स यांना त्याची भुरळ पडली आणि त्यांनी श्रुतींची हार्मोनियम करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण विद्वानांनी तो सिद्धांत स्वीकारला नाही. मला मात्र त्या खटाटोपात कानाविषयीचा फार मोठा विश्वास दिसतो.

तो विश्वास चुकीचा नव्हता. श्रुतींतलं सगळ्यात लहान मानलेलं अंतर ८१ ला ८० एवढं, म्हणजे सव्वा टक्क्याचं. कसलेला कान मधल्या पट्टीत याच्या चौथाई-पाचवा फरकही ओळखतो. पट्ट्यावरचं अंतर काढून पाहिलं तर ३५ मिलिमीटरमध्ये दहाएक सप्तकं मावलेली आहेत. मग एका लहान श्रुतीच्या वाट्याला मिलिमीटरचे सहा शतांश येतात. तासगावापासून तासाभराच्या अंतरावर, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर तार छेडतो, घोडी किंचित घासतो, पुन्हा छेडतो, पुन्हा ऐकतो. फरीदसाहेब या कारागिरापासून चालत आलेल्या या कामाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं अखेरचं मोजमाप आजही कानाचंच असतं.

पट्ट्यावर केशपेशींच्या रांगा उभ्या आहेत. आतली एक रांग, सुमारे साडेतीन हजार पेशींची. बाहेरच्या तीन रांगा, मिळून बारा हजारांच्या आसपास. पेशीच्या डोक्यावरचे सूक्ष्म केस कंपानं कलले की भोवतीच्या द्रवातलं पोटॅशियम आत शिरतं, वीज निर्माण होते आणि मज्जातंतूतून संदेश मेंदूकडे निघतो. हा संदेश प्रामुख्यानं आतल्या रांगेकडून जातो. मग बाहेरच्या बारा हजार पेशी कशासाठी, याचं उत्तर मिळायला बराच काळ गेला. बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेतल्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कर्णावर्तात लाट कशी धावते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि १९६१ चं नोबेल मिळवलं. पण त्यांना दिसलेली लाट पसरट होती. तेवढ्यावर शेजारच्या दोन श्रुती वेगळ्या ओळखता आल्या नसत्या. जिवंत कानात बाहेरच्या रांगांतल्या पेशी आवाजाच्या तालावर स्वतः लांब-आखूड होतात, पट्ट्याला बळ देतात आणि लाटेला टोक आणतात. हे बळ इतकं खरं आहे, की त्यातून कान स्वतःच एक अगदी क्षीण आवाज बाहेर सोडतो. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक मायक्रोफोन ठेवून तो टिपला. आज झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानात छोटासा प्रोब बसवून काही मिनिटांत जी तपासणी होते, ती याच शोधावर उभी आहे. बाळानं काही सांगावं लागत नाही, त्याचा कानच उत्तर देतो.

कर्णावर्ताला लागूनच तोलाचं यंत्र आहे. तीन अर्धवर्तुळाकृती नळ्या डोकं कुठे फिरलं ते सांगतात. शेजारच्या दोन पिशव्यांत चुनखडीचे सूक्ष्म खडे असतात, ते वर-खाली कुठे आहे ते सांगतात. उतारवयात कधी हे खडे सुटून नळीत शिरतात आणि अंथरुणात कूस बदलताच घर गरगर फिरतं. लोक पित्ताच्या नाहीतर मानेच्या नावावर ही चक्कर खपवतात आणि महिनोन्‌महिने गोळ्या घेतात. जाणकार डॉक्टर डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते खडे बहुधा एक-दोन बैठकींतच जागेवर पाठवतात.

केशपेशींची सगळ्यात मोठी गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली. माणसाला त्या जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. त्वचा भरून येते, हाड जुळतं, पण मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. वादळात ज्वारी लोळते, तसे मोठ्या आवाजानं हे केस लोळतात. काही दुसऱ्या दिवशी उभे राहतात, काही कायमचे आडवे होतात. मिरवणुकीहून आल्यावर रात्रभर कानात शिट्टी वाजते आणि सकाळी थांबते, तेव्हा आपण 'बरं झालं' म्हणतो. त्यातलं काही मात्र परत आलेलं नसतं.

तासगाव तालुक्यात हे रोज घडतं, आणि ते मिरवणुकीपेक्षा द्राक्षबागेत जास्त घडतं. 'तास-ए-गणेश' वाण जिथे जन्मलं, बेदाण्याचा बाजार जिथे भरतो, तिथे ऑक्टोबर छाटणीनंतर औषधफवारणीचा धडाका सुरू होतो. पाऊस पडला की डाऊनी रोगाच्या धास्तीनं ब्लोअर, म्हणजे पंख्याचं फवारणी यंत्र, दिवसातून दोनदाही फिरतो. बिनकेबिनचा ट्रॅक्टर पुढे, पंख्याची गर्जना पाठीमागे आणि मधे चालक. अशा ट्रॅक्टरवर कानाशी ९० डेसिबलच्या वर आवाज जाणं नेहमीचं आहे. कामगारांच्या कानांसाठी अनेक देशांत मानला जाणारा हिशेब सांगतो, की ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार आणि ९१ ला फक्त दोन. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. तोंडाला मास्क लावायचं आता बरेच जण शिकलेत. कानाला मात्र बहुतेकांनी टॉवेल गुंडाळलेला असतो, आणि टॉवेलनं आवाज फारसा अडत नाही.

नुकसान आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास होतं, आणि ते कळत नाही, हीच त्यातली मोठी आपत्ती. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, त, च यांसारखी व्यंजनं जातात. 'चाल', 'साल' आणि 'ताल' एकच होतात. पन्नाशीचा बागायतदार घरात चिडतो, 'ऐकू येतंय मला, नीट बोलत नाही तुम्ही.' त्याला नातवाचं बोलणं सगळ्यात आधी कळेनासं होतं, कारण मुलांचा आवाज उंच.

स्फोटाची गोष्ट निराळी. विजयादशमीच्या रात्री तालुक्यातल्या कवठे एकंदला सिद्धराजाच्या पालखीपुढे आतषबाजी होते. पंचक्रोशी ती पाहायला लोटते आणि ती पाहण्याजोगी आहेच. मोठ्या आवाजात रिकिबीला धरून ठेवणारा एक चिमुकला स्नायू कानात आहे. पण तो आवळायला सेकंदाचे काही शतांश लागतात आणि बार त्याआधीच आत शिरलेला असतो. आतषबाजीजवळ उघड्या कानांनी उभं राहणाऱ्या पोराला निसर्गानं दिलेलं संरक्षण त्या क्षणी उपयोगी पडत नाही.

उत्सव बंद करा असं मी म्हणणार नाही. रथ ओढणाऱ्या माणसांचा 'मोरया' गळ्यांतून येतो, आणि गळे थकतात. स्पीकरच्या भिंती थकत नाहीत. २००० सालच्या ध्वनी नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. मंडळांनी ती पोलिसांच्या भीतीनं पाळू नये, आपल्याच पोरांच्या केशपेशींसाठी पाळावी.

ब्लोअर चालवणाऱ्या प्रत्येकाला बागमालकानं कानावर बसणारे मफ विकत घेऊन द्यावेत. एका फवारणीच्या औषधापुढे त्यांची किंमत काहीच नाही. कवठे एकंदला जाताना मुलांसाठी फोमचे बोळे खिशात ठेवावेत आणि त्यांना अंतरावर उभं करावं. वाहत्या कानात तेल सोडू नये, डॉक्टरकडे जावं. आणि घरात बाळ जन्मलं असेल तर महिन्याच्या आत त्याची श्रवण तपासणी मागून घ्यावी. दोष निघाला तर निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हायला हवेत, कारण मेंदूतली भाषेची घडण त्या वयातच सुरू झालेली असते. जन्मजात बहिरेपणाचा समावेश राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे. श्रवणयंत्र किंवा कर्णावर्तात बसवायचं यंत्र यासाठी सरकारी योजना आहेत. आपल्या गावच्या आशाताईंना विचारा.